थंडीत वीज गेली तर : अडतीस तासांचा हिशेब

आवाज नीट येतोय ना सगळ्यांना? ठीक.

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वीज जाण्याबद्दल काय सांगायचं? मी मूळची सांगलीची. लोडशेडिंगचं वेळापत्रक आमच्या घरी कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं असायचं. २००५ नंतरची काही वर्षं तर ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. पण ती वेळ सांगून जायची आणि सांगून यायची. त्रास व्हायचा तो उकाड्याचा, डासांचा आणि शेतातल्या मोटारीचा. गच्चीवर सतरंजी टाकली की रात्र निघायची.

लग्नानंतर मी चंडीगडला आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. इथे आल्यावर कळलं की थंडीत वीज जाणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेलं हे शहर. जानेवारीत रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. धुकं पडलं की दोन-दोन, तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही आणि दुपारीसुद्धा हात गारठलेले असतात. इथली घरं बांधली ती मुख्यतः उन्हाळ्याचा विचार करून. ल कॉर्बुझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊन अडवायला काँक्रीटच्या आडव्या-उभ्या पट्ट्या दिल्या, मोठ्या खिडक्या दिल्या, वारा खेळायला जाळ्या दिल्या. जूनमध्ये त्याचं कौतुक वाटतं. जानेवारीत तीच खोली विहिरीसारखी गार पडते. घर गरम करायची मध्यवर्ती सोय इथे बहुतेकांकडे नाही. हीटर, ब्लोअर, गीझर, सगळं विजेवर. म्हणजे थंडीत वीज गेली की उजेडाबरोबर ऊब, गरम पाणी आणि वरच्या मजल्यावरचं पाणीही जातं.

आता फेब्रुवारी २०२२ मध्ये काय झालं, ते आधी थोडक्यात सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सहन करा.

चंडीगड हा केंद्रशासित प्रदेश. शहरातलं वीजवितरण तेव्हा प्रशासनाच्या वीज विभागाकडे होतं. ते खासगी कंपनीकडे द्यायचा निर्णय झाला होता आणि कर्मचाऱ्यांचा त्याला विरोध होता. २१ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपासून त्यांनी तीन दिवसांचा संप पुकारला. मंगळवारी, २२ तारखेला सकाळी शहराचा मोठा भाग अंधारात होता. सिग्नल बंद, मुलांचे ऑनलाइन क्लास बंद, अनेक भागांत पाण्याची ओरड. सरकारी रुग्णालयात ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच दिवशी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुख्य अभियंत्यांना दुसऱ्या दिवशी हजर व्हायला सांगितलं. प्रशासनाने एस्मा लावला, म्हणजे सहा महिने संपाला बंदी. लष्कराच्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसची माणसं बोलावली गेली आणि त्यांनी उपकेंद्रं चालू करायला घेतली. बुधवारी, २३ तारखेला संप मागे घेतला गेला. तोपर्यंत बऱ्याच भागांत छत्तीस तासांहून जास्त वेळ वीज नव्हती.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या दोन दिवसांत देशात विजेचा तुटवडा नव्हता. चंडीगड तसंही स्वतःची वीज फारशी बनवत नाही, भाक्रा-बियासची आणि केंद्राच्या प्रकल्पांची वीज येते. ती शहराच्या वेशीपर्यंत येतच होती. पण फीडरमध्ये बिघाड झाला, फ्यूज उडाला, तर जाऊन तो जोडणारा माणूस नव्हता. खांबावर चढणारा लाइनमन दोन दिवस दिसला नाही, तेव्हा तो रोज काय करतो हे आम्हाला कळलं.

संप बरोबर की चूक, खासगीकरण चांगलं की वाईट, यावर मी आज बोलणार नाही. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मला घरातल्या गोष्टी सांगायच्या आहेत.

आमच्या घरी तेव्हा सासूबाई होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांना कोविड झाला, त्यातून वाचल्या, पण फुप्फुसं कडक झाली. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन चोवीस तास चालू होता. कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देणारं यंत्र. ते विजेवर चालतं. वीज गेली की दोन-चार मिनिटांत त्या बेचैन व्हायच्या, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा खाली यायला लागायचा.

मंगळवारी रात्री एकच्या सुमाराला आमच्याकडची वीज गेली. बुधवारी दुपारी तीनला आली. अडतीस तास. हे अडतीस तास कसे भरले, ते मी एका वहीत लिहीत गेले. आज तुम्हाला तीच वही वाचून दाखवते, कारण गणित सगळ्यांना उपयोगी पडेल.

आमचा इन्व्हर्टर साधा, एक बॅटरी, १५० अँपिअर-अवरची. बॅटरी बारा व्होल्टची असते. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-अवर. पण कागदावरचे अठराशे हातात येत नाहीत. इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो, बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, जुनी असेल तर आणखी घट. मी १३०० धरते. आमचा कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅटचा. तेराशे भागिले साडेतीनशे म्हणजे पावणेचार तास. ते यंत्र इन्व्हर्टरवर टाकलं आणि घरातलं बाकी सगळं बंद केलं. साडेतीन तास चाललं, पहाटे साडेचारपर्यंत.

त्यानंतर सिलिंडर. दुसऱ्या लाटेतले दिवस पाहिलेल्या माणसाच्या घरात सिलिंडर असतोच. आमच्याकडे दोन लहान होते, दहा लिटरचे. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० पट दाबाने वायू भरला की साधारण पंधराशे लिटर ऑक्सिजन होतो. मिनिटाला दोन लिटर म्हणजे साडेसातशे मिनिटं, साडेबारा तास. दोन सिलिंडर, पंचवीस तास. इन्व्हर्टरचे साडेतीन धरून साडेअठ्ठावीस. वीज कधी येणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. संप तीन दिवसांचा, म्हणजे बहात्तर तास धरूनच चालायचं होतं.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, त्यांना सगळं दिसत होतं. त्या मिरजेच्या. म्हणाल्या, "अगं, कंदिलावर मॅट्रिक झाले मी. लाइट गेली म्हणून काय श्वास घ्यायचा सोडू?" आणि मग विचारलं, "किती तास झाले वहीत?"

आमच्या खाली एक सरदारजी राहतात. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर होता, दुकानासाठी घेतलेला. सकाळी मी खाली गेले, तर ते तो मागच्या अंगणात काढतच होते. म्हणाले, "भैणजी, तुसी फिकर ना करो." जाड वायरचं एक्स्टेन्शन बाल्कनीतून वर घेतलं. मंगळवारी सकाळी नऊ ते अकरा जनरेटरवर कॉन्सन्ट्रेटर चालला, तेवढे दोन तास सिलिंडर बंद. तो पहिला सिलिंडर संध्याकाळी सातला संपला. सात ते दहा पुन्हा जनरेटर. दहाला दुसरा सिलिंडर लावला. बुधवारी सकाळी पुन्हा नऊ ते अकरा जनरेटर. तोपर्यंत माझे यजमान रिकामा सिलिंडर घेऊन गेले आणि दोन ठिकाणी फिरून भरलेला घेऊन आले. दुसरा सिलिंडर साडेबाराला संपला, तिसरा लावला, आणि तीनला वीज आली. तिसऱ्यात दहा तास शिल्लक होते.

इन्व्हर्टर साडेतीन, सिलिंडर पंचवीस, जनरेटर सात, तिसरा सिलिंडर अडीच. बेरीज करा, अडतीस येते.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" या वाक्याला तसा अर्थ नाही. किती तास, कशावर, हे सांगता आलं पाहिजे. आज हा कार्यक्रम संपला की एक काम करा. आपल्या बॅटरीवरचा अँपिअर-अवरचा आकडा बघा, बाराने गुणा, त्यातले सत्तर टक्के धरा. मग घरातल्या वस्तूंवरचे वॅट बघा. एलईडी दिवा नऊ वॅट, वायफायचा राउटर दहाच्या आसपास, मोबाइल चार्जर दहा-पंधरा. दोन दिवे, राउटर आणि एक मोबाइल असं पंचेचाळीस वॅट धरलं, तर तीच बॅटरी जवळजवळ अठ्ठावीस तास पुरते. आणि दोन हजार वॅटचा ब्लोअर? साध्या घरगुती इन्व्हर्टरला तो पेलतच नाही. पेलला असता तरी चाळीस मिनिटं. बॅटरीतून ऊब मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बॅटरी उजेडासाठी, फोनसाठी आणि औषधोपचाराच्या यंत्रासाठी. ऊब दुसरीकडून आणायची.

ती कुठून आणायची? इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण थंडीतल्या वीज जाण्यात माणसं मरतात ती बहुतेक या ठिकाणी.

उत्तरेत थंडीत अंगिठी पेटवायची जुनी सवय आहे. पत्र्याची किंवा मातीची शेगडी, त्यात कोळसा. अंगणात पेटवली तर छान. पण रात्री लोक ती खोलीत घेतात, दारं-खिडक्या लावतात आणि झोपतात. दर हिवाळ्यात पंजाब, हरियाणा, दिल्लीकडून बातमी येते, अख्खं कुटुंब सकाळी उठलंच नाही. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित, असं वाटणं हाच धोका आहे. निखारेच हा वायू सोडतात.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळात ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. बरीच थंडीने गेली, आणि काही कार्बन मोनॉक्साइडने. कोणी घरात कोळशाची शेगडी पेटवली, कोणी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून उबेला बसलं.

म्हणून तीन गोष्टी. अंगिठी झोपायच्या खोलीत नाही. जनरेटर घरात नाही, जिन्यात नाही, बंद बाल्कनीत नाही, आणि त्याचा धूर कोणाच्या खिडकीकडे जाता कामा नये. तो मागच्या अंगणात चालू असताना आम्ही त्या बाजूची खिडकी लावून घ्यायचो आणि पुढची थोडी उघडी ठेवायचो. आणि गॅस गीझर. वीज नसली की हा चालतो म्हणून लोक खूश असतात, पण लहान बंद बाथरूममध्ये तोही तेच करतो. बाथरूमला वारा नसेल तर पाणी स्वयंपाकघरात तापवा आणि बादली आत न्या.

ज्या घरात ऑक्सिजन चालू आहे, तिथे आणखी एक. त्या खोलीत मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, निरांजनसुद्धा नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणारी कोणतीही गोष्ट भडकवतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लावायचा नाही, आणि सिलिंडर उभा करून बांधून ठेवायचा. सासूबाईंची दोन दिवस देवापुढे दिवा लागला नाही म्हणून चुळबूळ चालली होती. शेवटी देव्हारा असलेल्या खोलीत, दोन दारं पलीकडे, मी दिवा लावला आणि मोबाइलवर फोटो काढून त्यांना दाखवला.

मग ऊब कशी मिळवायची? जुनं उत्तरच बरोबर आहे. एक खोली निवडा. शक्यतो दक्षिणेकडची, दुपारी ऊन येणारी, लहान. सगळ्यांनी तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. दाराखालच्या फटीत जुनं टॉवेल किंवा गोणपाट. इथल्या फरशा मोझेकच्या, बर्फासारख्या, म्हणून खाली सतरंजी, त्यावर गादी. माणूस पांघरुणाइतकाच खालून गारठतो हे आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. दिवसा ऊन आलं की पडदे उघडायचे, चार वाजले की लावून घ्यायचे. चार माणसं एका खोलीत बसली की थोड्या वेळाने खोलीत फरक जाणवतो. पण हवा यायला एखादी खिडकी बोटभर उघडी हवीच.

अंगात एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे. पायात मोजे, डोक्याला टोपी. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पांघरुणात पायाशी. पाणी उकळतं नको, आणि पिशवी फडक्यात गुंडाळून. म्हाताऱ्या माणसांना आणि मधुमेहींना चटका कळत नाही. गॅस चालू असतो, तर दर दोन तासांनी काहीतरी गरम पोटात. आमच्याकडे त्या दोन दिवसांत आल्याचा चहा, मुगाची पातळ खिचडी, आणि खालच्या आंटीजींनी पाठवलेला सरसों का साग. सासूबाई म्हणाल्या, "मेथीच्या पिठल्याची सर नाही," आणि वाटी पुसून खाल्ली.

म्हाताऱ्या माणसांत एक लक्षण लक्षात ठेवा. थंडीने कुडकुडणं हे त्यामानाने चांगलं लक्षण, शरीर झगडतंय. कुडकुडणं थांबलं, पोटाला हात लावला तर तेही गार लागतं, बोलणं जड होतंय, सारखी झोप येतेय, तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

फेब्रुवारीचा शेवट होता म्हणून आम्ही निभावलो. थंडी उतरायला लागली होती. हेच जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, धुक्यात झालं असतं तर वहीत वेगळे आकडे असते. आणि होऊ शकतं. २ जानेवारी २००१ रोजी पहाटे अख्ख्या उत्तर भारताची ग्रिड कोसळली होती. धुक्यातही वाहिन्या बंद पडतात. टॉवरवरच्या इन्सुलेटरवर धूळ आणि काजळी बसलेली असते. धुक्याने ती ओली झाली की तिच्यातून वीज वाहायला लागते आणि लाइन ट्रिप होते. म्हणून उत्तरेत हिवाळ्याआधी इन्सुलेटर धुतात, आणि अनेक ठिकाणी चिनीमातीचे काढून पॉलिमरचे बसवले आहेत.

आता पाणी. चंडीगडचं बरंचसं पाणी पंजाबातल्या काजौलीहून येतं, भाक्रा कालव्यातून उचलून, जवळजवळ तीस किलोमीटरवरून. तिथे पंप, इथे पंप, आणि घरात वर चढवायला पुन्हा मोटर. वीज नाही म्हणजे खालच्या मजल्यावर नळाला धार आणि वरच्यांना कोरडे नळ. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मंगळवारी सकाळी खालच्या नळाला पाणी होतं तोवर बादल्यांनी वर आणलं. एका माणसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला चार-पाच लिटर बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही. बाकी पाण्याचा सगळ्यात मोठा खर्च संडासाचा. भांडी-भाजी धुतलेलं पाणी तिथे वापरा.

फ्रिजची काळजी थंडीत फार नको. दार उघडलं नाही तर आतला गारवा चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत. दूध तापवून बाल्कनीत झाकून ठेवलं तर इथल्या थंडीत रात्रभर राहतं, फक्त मांजर सांभाळा. इन्सुलिनची कुपी एकदा उघडली की साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, डबीवरची सूचना वाचून घ्या. थंडीत ती गोठू मात्र द्यायची नाही.

सोलरबद्दल एक प्रश्न मला नेहमी येतो. चंडीगडमध्ये छतावर सोलर पुष्कळ आहे. पाचशे चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर ते सक्तीचंच केलेलं आहे. त्या दोन दिवसांत स्वच्छ ऊन होतं तेव्हाही अशा काही घरांत वीज नव्हती. लोक चक्रावले. कारण ग्रिडला जोडलेलं साधं सोलर ग्रिड गेली की आपोआप बंद पडतं. मुद्दामच तसं बनवलेलं असतं, नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो घेतानाच सांगावा लागतो. सोलर लावताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "लाइट गेल्यावर हे चालेल का?" उत्तर लेखी घ्या.

रॉकेलचा विचार करत असाल तर चंडीगड हे देशातलं पहिलं केरोसीनमुक्त शहर म्हणून जाहीर झालेलं आहे. कंदील माळ्यावर असला तरी त्यात घालायला काही मिळणार नाही. महाराष्ट्रातही आता ते सहज मिळत नाही. चार्जिंगची बॅटरी आणि सुटे सेल हेच खरं.

फोन. पहिल्या दिवशी संध्याकाळपासून आमच्याकडे नेटवर्क येत-जात होतं, कारण टॉवरलाही बॅटरीच असते. घरात चार फोन असतील तर तीन बंद करा, एक चालू ठेवा. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. गाडीत चार्जर असतो, गाडी उघड्यावर उभी करून फोन चार्ज करता येतो.

शेवटचा भाग, आणि माझ्या मते मोठा. आमच्या मागच्या गल्लीत एका कोठीच्या आउटहाउसमध्ये एक जोडपं राहतं, तो चौकीदार, ती तीन घरी काम करते. कडेवर सहा महिन्यांचं मूल. त्यांच्याकडे इन्व्हर्टर कुठला? मंगळवारी रात्री ते अंगिठी आत घ्यायच्या तयारीत होते. कोठीच्या मालकीणबाईंनी त्यांना घरात, हॉलमध्ये झोपायला बोलावलं. ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. यात काही फार मोठं घडलं नाही, आणि म्हणूनच तुम्हाला सांगते. कोणीतरी रात्री दहाला दार उघडून बघितलं, एवढंच.

त्या फेब्रुवारीनंतर आम्ही गल्लीतल्या अठरा घरांची एक यादी केली. एका पानाची. कोणाकडे विजेवर चालणारं वैद्यकीय यंत्र आहे. कोण एकटं राहतं. कोणाकडे तान्हं बाळ आहे. कोणाकडे जनरेटर, कोणाकडे जादा सिलिंडर, कोणाकडे हातपंप किंवा खालच्या मजल्यावरचा नळ. कोणाच्या गाडीत मागे सिलिंडर आडवा न ठेवता उभा बांधता येतो. दर ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सफाईच्या वेळी, ती यादी पुन्हा लिहितो. नवं कोण आलं, कोण गेलं. त्याच दिवशी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतो आणि मेन स्विच पाडून एक तास घर बॅटरीवर चालवून बघतो.

आधी पाठवलेल्या प्रश्नांपैकी दोन घेते.

पुण्याहून विचारलंय, आमच्याकडे असं होईल का? संपाचं म्हणाल तर ४ जानेवारी २०२३ ला महाराष्ट्रातल्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी बहात्तर तासांचा संप सुरू केला होता. तो त्याच दिवशी चर्चेनंतर मागे घेतला गेला. जम्मूत डिसेंबर २०२१ मध्ये झालं, तिथेही लष्कर बोलवावं लागलं, आणि तिथली थंडी आमच्यासारखीच. त्यामुळे होणारच नाही असं कोणी समजू नये. पुण्यात ऊब हा प्रश्न कमी, पण वही तीच. दहाव्या मजल्यावरच्या माणसाला लिफ्ट आणि पाणी हे दोन रकाने त्यात जास्तीचे.

दुसरा प्रश्न, आता चंडीगडमध्ये काय स्थिती? १ फेब्रुवारी २०२५ पासून शहरातलं वीजवितरण खासगी कंपनीकडे गेलं आहे. त्यावर मतं वेगवेगळी आहेत. खांबावर चढणारा माणूस मात्र कोणाच्याही पगारावर असला तरी लागणारच आहे. आणि वीज अधूनमधून जाणारच आहे.

सासूबाई पुढे २०२३ च्या पावसाळ्यात गेल्या, वयाने आणि आजाराने, शांतपणे. कॉन्सन्ट्रेटर आम्ही विकला नाही. गल्लीच्या यादीत तो आमच्या घरापुढे लिहिलेला आहे. आतापर्यंत दोन घरांनी नेला आणि परत आणून दिला.

वही आणि पेन घ्या, आणि पहिली ओळ आज रात्रीच लिहा : वीज गेली तर आपल्या घरात सगळ्यात आधी कोणाला त्रास होईल, आणि त्या माणसासाठी आपल्याकडे किती तास आहेत.